त्यांच्यातलाच माणूस

"सर, पण त्या लोकांनी त्याचं का ऐकलं?" गोपिकाने विचारलं, आणि चंद्रभान परातेच्या हातातला खडू फळ्यावर होता तिथेच थांबला. प्रश्न तसा साधा होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग, मार्चची दुपार, वर पंखा कुरकुरत होता आणि मागच्या बाकांवर दोघं-तिघं उघड्या डोळ्यांनी झोपले होते. रोमचा इतिहास चालला होता. लढाई आली की गरिबांनी लढायला जायचं, जिवंत परत आलं तर शेत श्रीमंताच्या घशात गेलेलं बघायचं आणि वर त्याच्याच घरी बेड्या घालून राबायचं, असा तिथला न्याय. शेवटी एक दिवस गरीब उठले आणि शहर सोडून तीन मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. दगड मारला नाही, कुणाचं घर जाळलं नाही, नुसते जाऊन बसले. तेवढ्यानेच श्रीमंतांना घाम फुटला. त्यांनी आग्रिप्पा नावाचा एक गोड बोलणारा माणूस पाठवला. त्याने टेकडीवर जाऊन गोष्ट सांगितली, की एकदा हातापायांनी पोटाशी भांडण काढलं, हे बसून खातं आणि आम्ही मरतो, म्हणून त्यांनी काम सोडलं, आणि पोटाबरोबर तेही वाळून गेले. तेव्हा त्यांना कळलं की पोट खातं ते सगळ्यांसाठीच खातं. लोकांना पटलं आणि ते खाली उतरले. तीन वर्षं चंद्रभान ही गोष्ट रंगवून सांगत आला होता. या ठिकाणी वर्ग नेहमी हसायचा आणि वह्या मिटायचा. प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"गोष्ट चांगली होती म्हणून," तो म्हणाला. वर्ग हसला. गोपिका हसली नाही. कुण्या वकिलाची मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, तिच्या मनात काहीसुद्धा नसणार. पण चंद्रभानच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. ग्रंथालयातल्या त्या जाड पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत दिलेलं होतं, आणि त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ त्यानेच मारलेली होती. आग्रिप्पा लोकांना आवडायचा, कारण तो जन्माने त्यांच्यातलाच होता. पहिल्या वर्षी ही ओळ शिकवायची राहून गेली. दुसऱ्या वर्षी त्याने ती राहू दिली. या वर्षी, आदल्याच दिवशी जे घडलं होतं त्यानंतर, ती त्याच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. तास संपल्यावर तो स्टाफरूममध्ये जाऊन बसला. बोटांना काही लागलं की धोतराला पुसायची बापाची सवय त्यालाही होती, फक्त त्याच्या अंगात आता टेरिकॉटची पँट होती, आणि तिच्यावर खडूचे पांढरे पट्टे उठले.

आदल्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी धरमपेठेत मनोहररावांच्या बंगल्यावर हजेरी लावायची ही रीत. मनोहरराव सुताचे व्यापारी. अर्ध्या नागपूरच्या हातमागांना सूत त्यांचं, आणि विणलेली लुगडी घेणारेही तेच. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष, म्हणजे नोकरी देणारेही तेच. व्हरांड्यात सात-आठ माणसं असायची. कुणाला उभं ठेवायचं, कुणाला बाकावर बसवायचं आणि कुणाला वेताची खुर्ची द्यायची, हे जुने दिवाणजी मनोहररावांच्या नुसत्या भुवईवरून ओळखत. रोममध्येही असंच होतं. पहाटे उठून, धुतलेले कपडे घालून गरीब माणसं आपापल्या धन्याच्या दारात ताटकळत उभी राहत, आणि धनी बाहेर आला की त्याच्याकडे बघून हसत. चंद्रभान हे वर्गात नक्कल करून शिकवायचा, पोरं पोट धरून हसायची. स्वतः मात्र तो दर रविवारी सायकलची चेन पुसून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. तीन वर्षांत तो उभ्यावरून बाकावर आला होता. दर एप्रिलात संस्था त्याला काढून टाकायची आणि दर जुलैत पुन्हा घ्यायची. कायम करायची वेळ आली की काहीतरी निघायचं. बायको प्रेमिला तोंडाने काही म्हणायची नाही, पण मार्च लागला की दुधाचा रतीब अर्ध्यावर आणायची. हे अर्धं दूध त्याच्या मनाला सगळ्यात जास्त लागायचं.

त्या रविवारी त्याला वेताची खुर्ची मिळाली. "पराते सर," मनोहरराव म्हणाले, आवाज अगदी मऊ, त्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवलाच नसेल, "स्नेहसंमेलनात तुम्ही ती पोटाची गोष्ट सांगितली होती. मी घरी येऊन हिला सांगितली. काय सुंदर गोष्ट आहे! आमच्या विणकर मंडळींना सांगा की एकदा. सात आठवडे झाले, माग बंद ठेवून बसलेत. त्यांचं नुकसान, आमचंही नुकसान. मी बोललो तर त्यांना वाटतं शेठ बोलतो. तुमचं तसं नाही. तुमचीच माणसं आहेत." मग चहा आला, कपबशीतून, आणि चहा संपता संपता ते सहज म्हणाले, "यंदा तुमचं ते कन्फर्मेशनचं काम करून टाकू. उगाच लांबतंय." दोन वाक्यांत चहाचा एक कप जेवढं अंतर ठेवतो तेवढंच अंतर होतं. चंद्रभानने "बघतो" म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. खुर्चीवरून उठायचं आणि नाही म्हणायचं, यात काही अवघड नव्हतं. पण खुर्ची वेताची होती आणि त्याला तीन वर्षं लागली होती तिच्यापर्यंत यायला.

माणसं त्याचीच होती हे मात्र खरं. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचा जन्म झाला, माग जिथे होता त्याच खोलीत. त्याचा बाप रुपराव अजूनही जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा. ओलीने त्याचे गुडघे धरले होते. खड्ड्यातून वर येताना तो आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायचा, मग एक पाय हाताने उचलून बाहेर ठेवायचा, मग दुसरा. सुताचे भाव वाढले म्हणून मनोहररावांनी लुगड्यामागची मजुरी उतरवली, आणि गल्लीने धोटे ठेवले. संपाला गल्लीत धोटे ठेवणं म्हणत. प्रत्येकाने आपला धोटा, म्हणजे ताण्यातून आडवं सूत नेणारं ते होडीच्या आकाराचं लाकूड, त्याच्याभोवती आपल्या घरची खूण म्हणून रंगीत दोरा गुंडाळून एका घरी नेऊन ठेवायचा. धोटा नाही तर माग मुका. आणि धोटा ज्याच्या हाताने झिजला त्याच्याच हातात चालतो, दुसऱ्याचा घेऊन भागत नाही. म्हणून चोरून विणायची सोय कुणाला राहत नसे. या वेळी धोटे ठेवले होते रुपरावच्या घरी, कारण गल्लीत त्याच्या शब्दाला मान होता. चंद्रभान आठ वर्षांचा असताना एकदा असेच धोटे घरात आले होते. त्याने त्यातले चार पाण्याच्या टाक्यात सोडून त्यांच्या होड्या केल्या, आणि बापाने त्याला मारलं. आयुष्यात तेवढं एकदाच मारलं. मग बाप ते चारही धोटे स्वतःच्या धोतराने कोरडे करत राहिला. संध्याकाळपर्यंत तेच करत होता. चंद्रभानला मार आठवत नव्हता, ते पुसणं आठवत होतं.

गुरुवारी तो गल्लीत गेला. सीताबर्डीपर्यंत सायकल बरी चालली, पुढे रेल्वेचा पूल ओलांडला की ऊन जणू वेगळंच होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण सबंध रस्ताभर त्याच्या डोक्यात पायडलच्या तालावर फिरत राहिली, आणि तिचा त्याला इतका राग आला की त्याने मुद्दाम मनात दुसरं काहीतरी म्हणायला सुरुवात केली. तो आग्रिप्पा काही वाईट माणूस नव्हता, त्याने स्वतःला समजावलं. मेला तेव्हा त्याच्या घरात अंत्यविधीपुरतंही काही नव्हतं, आणि त्याच गरिबांनी वर्गणी करून त्याला पोचवलं. म्हणजे तो विकला गेला नव्हता. या विचाराने त्याला अर्धा मैल बरं वाटलं. मग लक्षात आलं की आपण मरू तेव्हा प्रॉव्हिडंट फंड असेल. गल्लीच्या तोंडाशी तो सायकलवरून उतरला. दुपारी या गल्लीत बोललेलं ऐकू यायचं नाही इतके माग खटखटायचे. आता कुणाच्या तरी घरातल्या मुलाचा खोकला इथून तिथवर स्पष्ट ऐकू येत होता.

आई, जिजाबाई, त्याला बघून आत गेली आणि ताट घेऊन आली. लाखोळीची डाळ, पाण्यासारखी, आणि एक भाकर. ती भाकर घरातली एकटीच होती हे त्याला कळलं आणि तरी त्याने खाल्ली, कारण नाही म्हटलं असतं तर आई रडली असती. बाप दारात बसला होता. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. बोटं धोतराच्या काठातला एकेक धागा ओढत होती. चंद्रभानने खूप वेळ इकडचं-तिकडचं काढलं. मग म्हणाला, "बाबा, उद्या चौकात मी दोन शब्द बोलाचं म्हणून राहिलो. सगळ्यायले बोलवा."

"काय बोलतं?"

"हेच. माग कायले बंद ठेवाचे म्हणून. शेठ बुडाला तं आपणही बुडतो."

रुपरावने धागा तोडला. "मनोहररावनं पाठवलं तुले?" आई आत भांडं घासत होती, ती थांबली. बाप त्याच्याकडे बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडे बघत होता. "तुही नोकरी पक्की करते का मंग तो?"

"करतो म्हणाला."

"लिहून देते?"

"शब्द दिला आहे."

"बरं," रुपराव म्हणाला. तेवढंच. शिवी दिली असती तर चंद्रभानला सोसलं असतं. लहानपणी मारलं होतं तशी एक थप्पड दिली असती तर तो कदाचित तिथेच मोकळा झाला असता, सायकल फिरवून धरमपेठेत जाऊन मनोहररावांना नाही म्हणाला असता. "बरं" या शब्दाशी भांडता येत नाही. घरी परतताना त्याला वाटलं, बापाने आपल्याला मनातून काढून टाकलं. हे वाटल्यावर दुःखाबरोबर थोडी सुटकाही वाटली, आणि त्या सुटकेची त्याला किळस आली.

शुक्रवारी चार वाजता मारुतीच्या ओट्यासमोर दीडशे-दोनशे माणसं जमली. बायका एका अंगाला, डोक्यावर पदर ओढून. तो ओट्यावर चढला. त्याने गोष्ट सुरू केली, आणि इथे जे झालं त्याबद्दल पुढे त्याला स्वतःला कधी माफ करता आलं नाही. त्याला मजा आली. रोम वगैरे त्याने काढून टाकलं. एक होता देह, म्हणाला, त्याचे हात मोठे कामाचे, रोज विणत, आणि पोट आपलं मधोमध बसून राही, शेठसारखं. लोक हसले. त्याने गल्लीच्या बोलीत हातांचं भांडण केलं, पायांचं केलं, दातांनी चावायचं नाकारलं तेव्हा बोळकं करून दाखवलं. एक म्हातारा खोकेपर्यंत हसला. मग हात वाळले, पाय लटपटले, तेव्हा त्याने आवाज खाली आणला आणि सगळा चौक गप्प झाला. दोन-तीन बायकांनी पदराने डोळे टिपले. वर्गात कधी असं ऐकलं नव्हतं कुणी. त्याला स्वतःच्या आवाजाची उंची जाणवत होती, तो कुठे टेकवायचा ते कळत होतं, आणि जी गोष्ट खोटी आहे हे रस्ताभर त्याला ठाऊक होतं ती सांगता सांगता थोडी खरी वाटायला लागली. तो थांबला. मग रुपराव दोन्ही हात टेकून उठला आणि म्हणाला, "चला गा. आपापले धोटे घेऊन जा."

कुणी वाद घातला नाही. सात आठवडे पोरांना अर्धपोटी ठेवून धरलेली गोष्ट अशी पाच मिनिटांत सुटते हे बघून चंद्रभान चकित झाला, आणि खरं सांगायचं तर फुलून गेला. बोलण्यात ताकद असते, हे त्याने पोरांना शिकवलं होतं, आज बघितलं. बापाच्या खोलीच्या दारात तो उभा राहिला. आत रुपराव देवाच्या फळीखालचे धोटे एकेक करून उचलत होता, दोऱ्याचा रंग बघून नाव घेत होता आणि देताना प्रत्येक धोटा धोतराने पुसत होता. माणसं धोटा घेऊन जाताना चंद्रभानकडे बघून मान हलवत होती. त्या बघण्यात राग नव्हता. लग्नात नवरदेवाकडे बघतात तसं बघत होती, आणि त्याला वाटलं हे गोष्टीमुळे. शेवटी सिंधूताई आली. नवरा गेल्यापासून ती त्याच्याच मागावर बसायची. बायकांनी मागावर बसायचं नाही, सूत गुंडाळून कांड्या भरायच्या, असं म्हणणाऱ्यांची तोंडं तिने केव्हाच बंद केली होती. धोटा पदराखाली घेत ती म्हणाली, "आता तं होते ना गा बाबू तुही नोकरी पक्की?"

"कोण म्हणालं?"

"कोन म्हनन? तुह्या बापानं काल साऱ्या गल्लीत घरोघर जाऊन हात जोडले. इतके दुखते गुडघे त्याचे, तरी एक घर सोडलं नाही. पोट्ट्याचं काम होते म्हने, मले एवढी भीक घाला." तिने सहज त्याच्या बाहीवरचा सुताचा तुस काढला. "सारे हाव म्हनले. आमी का म्हननार? तसंही आठ-पंधरा दिवसांत मोडाचंच होतं, पोट्टे उपाशी मरून राहिले. तुह्या कामी आलं, बरं झालं. गोष्ट बी मस्त सांगतली तू. दाताची तं लईच."

ती गेली. चंद्रभान बापाकडे वळला. रुपराव रिकाम्या फळीखालची धूळ हाताने गोळा करत होता. "मग मले बोलू काहून दिलं, बाबा?" त्याने विचारलं. इतकी माणसं गंभीर चेहऱ्याने खाली बसून आपला तमाशा बघत होती, त्यातली एकूण एक सगळं जाणत होती, आणि हसायच्या जागी हसत होती. रुपराव म्हणाला, "तू बोलला नसता तं त्याले कसं वाटलं असतं तुह्यामुळं झालं म्हणून? मोठी मान्सं, लेका. त्यायले दिसलं पायजे." मग धूळ दाराबाहेर टाकून, "बोलला चांगला. तुह्या मायनं दारातून ऐकलं." चंद्रभानला वाटलं बापाचे पाय धरावेत. त्याने धरले नाहीत. आपण धरले तर बाप तेही पोराचं काम झालं म्हणूनच समजेल, या भीतीने तो नुसता उभा राहिला.

रविवारी तो बंगल्यावर गेला. जाऊ नये असं त्याला शनिवारी सबंध दिवस वाटत होतं, पण न जाण्याने आता बापाची भीक परत मिळणार नव्हती. वेताची खुर्ची पुढे ओढलेलीच होती. मनोहररावांनी स्वतः उठून लिफाफा दिला. कायम केल्याचा हुकूम, इंग्रजीत टाइप केलेला, खाली त्यांची सही. "काय बोललात म्हणे! आमचा माणूस होता तिथे. बायका रडल्या म्हणतो." ते खूश होते, आणि खूश माणूस मोकळेपणाने बोलतो तसं बोलले. "आता झालं म्हणून सांगतो, पराते सर. रायपूर, जबलपूर, सगळीकडच्या लग्नसराईच्या ऑर्डरी तुंबल्या होत्या. व्यापारी रोज तारा करत होते. या सोमवारी मीच माणूस पाठवणार होतो, की बाबांनो, घ्या जुनी मजुरी, वर थोडं जास्त घ्या, पण माग सुरू करा. ठरलं होतं माझं. तेवढ्यात तुम्ही देवासारखे धावलात." ते हसले. व्हरांड्यातली उभी माणसंही हसली, काय झालं ते न कळताच. सोमवारी. म्हणजे उद्या. चंद्रभानला आठवलं ते बापाचं खड्ड्यातून उठणं, आधी हात टेकायचे, मग एक पाय, आणि तसं गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे. हातात लिफाफा होता. तो तिथे टाकता आला असता. "आभारी आहे," तो म्हणाला, आणि त्याने लिफाफा शर्टाच्या खिशात नीट, चुरगळणार नाही असा ठेवला.

गल्लीत तो पोचला तेव्हा अकरा वाजले होते. रविवार असूनही सगळे माग चालू होते, सात आठवड्यांचं काम भरून काढायचं होतं, उतरलेल्या मजुरीवर. रुपरावने त्याला बघितलं, माग थांबवला, हात टेकले आणि वर आला. "दिलं लिहून?" चंद्रभानने लिफाफा काढला. शेजारचे चार-सहा जण कामावरून उठून दारात आले. जिजाबाईने हात पुसले. सांगावं, असं एकदा त्याच्या अगदी जिभेवर आलं, की तीन दिवस, बाबा, फक्त तीन दिवस थांबायचं होतं. बापाचा चेहरा वर होता, त्या चेहऱ्यावर चंद्रभानने कधी न पाहिलेला असा एक निवांतपणा होता, सौदा घाट्यात गेला नाही याचा. चंद्रभानने कागद उघडला आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी करत वाचून दाखवलं. श्री. चंद्रभान रुपराव पराते यांना इतिहास विभागात कायम करण्यात येत आहे. बापाचं नाव आलं तेव्हा कुणीतरी "वा" म्हटलं. सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. तेवढ्यात सिंधूताई उशिरा आली, हाताला सूत लागलेलं, धापा टाकत, आणि रुपराव म्हणाला, "बाबू, पयल्यापासून वाच गा, हिनं नाही ऐकलं." चंद्रभानने कागद पुन्हा वर धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.